संगणकाचा ताप

माणसाचा ताप मोजणं सोपं. काखेत थर्मामीटर धरला, घड्याळ पाहिलं की आकडा हातात. संगणकाच्या प्रोसेसरच्या तर पोटातच तापमापक असतो आणि आकडा पडद्यावर उमटतो. पण त्याचा अर्थ लावू गेलं की माणसालाच ताप भरतो.

नागपूरच्या आमच्या मेव्हण्यांनी आणि मी एकाच जातीचे संगणक घेतले. ते त्यावर माझ्या सासऱ्यांच्या डायऱ्या टाइप करताहेत. मे महिन्यात त्यांचा फोन आला, "जावईबापू, आमचा 85. तुमचा?"

"पन्नास."

"मग आमचा जाणार!" दुकानदाराने 'कूलर बदला' म्हणून सांगितलंच होतं. आता नागपुरात कूलर म्हणजे खिडकीतला, वाळ्याचा. मेव्हणे बराच वेळ खिडकीकडेच बघत राहिले म्हणे.

पण माझा संगणक तेव्हा नुसता बसून होता आणि त्यांचा कामाला जुंपलेला. झोपलेल्याची नाडी धावणाऱ्याशी ताडून कसं चालेल? दोघांना एकच काम दिलं. पंख्यांचा वेग बांधून टाकला. आकडा स्थिरावेपर्यंत अर्धा तास थांबलो. (मेव्हणे दर दोन मिनिटांनी "चढला हो!" म्हणत होते.) त्यांचे 85, माझे 74.

"खोलीत किती?" मी विचारलं.

त्यांच्याकडे 39, पुण्यात 27. खोली दहा अंश तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच चढतो. वजाबाकी करा : त्यांचे 46, माझे 47! खिडकीतला कूलर लावला की त्यांचा आकडा झर्रकन उतरे. म्हणून तीनही वेळा तो बंद ठेवायला लावला. वहिनींनी मला काय काय म्हटलं असेल!

शिवाय इंटेलच्या प्रोसेसरांतला मापक मोजतो उलटं : कमाल मर्यादा, बहुतेकदा 100 अंश, अजून किती दूर आहे एवढंच. सेल्सियसनेही 1742 साली उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्याला 100 दिले होते, तेव्हा परंपरा जुनी आहे. म्हणून गार प्रोसेसरचा आकडा फारसा मनावर घेऊ नये. मर्यादेजवळ गेला की तो अधिक खरं बोलतो. काही माणसंही अशीच असतात.

नव्या कूलरचा खर्च वाचला. टायपिंग जोरात आहे. मेव्हणे सध्या 1983 च्या डायरीत आहेत आणि आमचं लग्न 1984 चं. नव्या जावयाबद्दल सासऱ्यांचं मत आता कधीही बाहेर पडेल. त्यांचा प्रोसेसर थोडा तापला तरी माझी हरकत नाही.