तिसऱ्या दिवसाचे रडू

बाळंतिणीने रडू नये, डोळे अधू होतात, असे आपल्याकडे म्हणतात. मी मात्र तिसऱ्या दिवसापासून जी रडायला लागले ती थांबेचना. हे १९९४ सालचे. मुलगी झाली होती. आमच्या यांनी चाळभर पेढे वाटले, नणंदेने टोपडे शिवले. मला त्या गाठोड्याकडे बघून काहीच वाटत नव्हते. आईला माया आपोआप येते म्हणतात, मग माझी गेली कुठे?

शेजारीण म्हणाली, "रमाईने पाचातली चार लेकरं गमावली, तुला एक जड झाली?" मी गप्प बसले. आज वाटते, रमाईचे दुःख दुसरीचे तोंड बंद करायला वापरू नये.

एका दुपारी पोरगी तासभर रडत होती. तिला पाळण्यात तशीच सोडून मी जिन्यात जाऊन बसले. मनात आले, खाली उतरावे आणि चालत सुटावे. सासूबाई धुणे घेऊन वर येत होत्या. आता शिव्या बसणार असे वाटले. त्यांनी बादली ठेवली, पोरीला आणून खांद्यावर टाकले आणि माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "थोरल्याच्या वेळी मी विहिरीपर्यंत गेले होते." एवढेच. पुन्हा कधी त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत.

माया आली ती हळूहळू, दीड-दोन महिन्यांनी. आणि ती आली तोच कामावर जायची वेळ झाली. मी ठेक्यावर पॅकिंगला होते. ठेकेदाराने रजेचा एक पैसा दिला नाही. १२ आठवड्यांची पगारी रजा तेव्हाही कायद्यात होती. बाळंतरजेच्या विधेयकाची बाजू बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात मांडली, १९२९ साली कायदा झाला. पण जिचे मस्टरवर नावच नाही तिला कायदा कुठून भेटणार? दुपारी दूध दाटून पोलके भिजायचे. मोरीत जाऊन पिळून टाकायचे. घरी पोर वरच्या दुधावर. तेव्हा जे रडू आले ते वेगळेच होते.

तीच मुलगी गेल्या वर्षी बाळंत झाली. तिची नोकरी कायम, २०१७ च्या दुरुस्तीमुळे २६ आठवडे रजा मिळाली. वाटले, हिचे सुखाने होईल. तिसऱ्या आठवड्यात रात्री म्हणाली, "आई, मला याच्याबद्दल काहीच वाटत नाही गं."

मी बाळ खांद्यावर घेतले, तिच्याशेजारी बसले आणि जिन्यातली गोष्ट सांगितली. विहिरीचीही सांगितली. पण माझ्यासारखे नुसते वाट बघत बसायचे नाही, हे ठरवले. पहिल्या दिवसांतले रडू पुष्कळ जणींना येते आणि दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढे टिकले तर तो आजार असू शकतो आणि त्यावर औषधपाणी आहे. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचे वाईट विचार आले तर एक दिवसही थांबू नये. १४४१६ हा सरकारी फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो.

सकाळी आम्ही दोघी दवाखान्याच्या रांगेत होतो. बाळ जावयांच्या खांद्यावर झोपले होते.