कंपासची नवी जागा

समोरच्या काचेच्या मधल्या दांडीवरचा कंपास मीच खाली आणला. धुळ्याला शिकाऊ वैमानिकांच्या दोन आसनी विमानांची देखभाल करायचो, तेव्हाची गोष्ट. जीपीएसला जागा हवी होती आणि कंपास डॅशबोर्डावर आला तर नीट वाचता येईल, एवढाच माझा हिशेब. वैमानिकाला काय दिसेल ते पाहिलं. कंपासला शेजारी कोण लाभतंय, ते पाहिलं नाही.

डॅशबोर्डाखालून दिव्यांच्या तारा जात होत्या. तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे शाळेत शिकलेलं. जाणारी आणि परतणारी तार एकमेकींभोवती पिळली असती तरी बराच उपद्रव टळला असता. स्क्रू पितळी हवे होते, हाताशी होते ते लोखंडी लावले. कंपास किती चुकतो त्याची मोजणी केली पत्र्याच्या हँगरमध्ये, इंजिन आणि वीज बंद ठेवून. फरक मोठा आला, तेव्हा तरी थांबायचं! मी कंपासचे भरपाईचे स्क्रू फिरवत बसलो आणि तबकडी हवी तिथे आणली. सगळ्यात वाईट काम ते. मूळ दोष जागेवरच राहिला, आकडा तेवढा सुधारला.

उड्डाणाआधी शिक्षक वैमानिकांनी विमान धावपट्टीच्या रेषेत उभं केलं, तर कंपास धावपट्टीवर लिहिलेल्या दिशेच्या आकड्याशी जुळेना. दिवे बंद केले की तबकडी सरकायची. त्यांनी विमान परत आणलं. मला फक्त विचारलं, "दिवे लावून पाहिलं होतंस का?"

खानदेशात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत 1 अंशाचाही फरक नाही, त्यामुळे जी चूक येते ती बहुधा विमानाचीच. धुळे ते जळगाव सरळ रेषेत सुमारे 80 किलोमीटर. दिशा 10 अंशांनी चुकली तर विमान 13-14 किलोमीटर बाजूला जातं. स्वच्छ हवेत तापी-गिरणा सांभाळून घेतात, मे महिन्याच्या धुळीत नाही.

विजेचा हाच उपद्रव ओळखून, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा नानाभाई मूस यांनी अलिबागला हलवली. तिथली इमारत लोखंडाविना बांधली आणि 1904 ते 1906 दोन्हीकडच्या नोंदी सोबत घेतल्या. मी दिव्याचं एक बटणही दाबून पाहिलं नव्हतं.

शेवटी कंपास दांडीवर परत गेला, जीपीएसच दुसरीकडे बसवला. तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी रीतसर मंजुरी घ्या, मोजणी मोकळ्या मैदानात, इंजिन, रेडिओ, दिवे चालू ठेवून करा. आणि कंपास कुठल्या दिशेला किती चुकतो ते सांगणारं विचलनाचं नवं कार्ड लागेपर्यंत विमान कुणाच्या हाती देऊ नका.