दारापुढची सावली

नव्या कामाची पहिली भेट मी दुपारी चारची ठरवते. घरमालकाला सकाळची गार वेळ हवी असते, पण बदलापूर-अंबरनाथकडे पश्चिमेला तोंड असलेल्या घराची खरी परीक्षा चारलाच होते. फाटकातून लगेच आत न जाता मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहते आणि दहा मिनिटं नुसती बघते. भिंत कुठे तापलीय, कुठे डोळ्यांवर येते, मीटरची पेटी कुठे, चपला कुठे काढतात, पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं. घराचा दर्शनी भाग आत राहणाऱ्यांना फारसा दिसतच नाही. तो रस्त्यावरच्या माणसाचा असतो, म्हणून तिथूनच बघायचा.

बदलापूरच्या कात्रपमधल्या एका तरुण जोडप्यानं फोनवर फोटो दाखवला होता. हिरवळ, पांढरे गोटे, फाटकाच्या दोन्ही अंगांना फॉक्सटेल पाम. "ताई, घर उठून दिसलं पाहिजे बघा." मी म्हटलं, मे महिन्यात तुमच्याकडे टँकर येतो, तेव्हा हिरवळीला पाणी कुठून घालणार? गोटे एका पावसाळ्यात शेवाळानं हिरवे होतील. आणि पाम उंच होईल, पण त्याच्याखाली एक खुर्चीसुद्धा टाकता येणार नाही.

"मग लावायचं काय?"

"सावली," मी म्हटलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

हे मला कुठल्या वर्गात शिकायला मिळालं नाही, अंबरनाथच्या शिवमंदिरात मिळालं. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060 हे साल आहे. महाशिवरात्रीच्या गर्दीत ते मंदिर दिसत नाही. एखाद्या साध्या दिवशी वालधुनी नदीच्या काठानं जावं आणि बाहेरच्या भिंतीपाशी तासभर बसावं. ती भिंत कुठेच सपाट नाही. कोपऱ्यातून कोपरा फुटत जातो, आणि ऊन फिरेल तशी एका कोपऱ्याची सावली पुढच्या कोपऱ्यावर सरकते. त्या काळ्या दगडाला रंगाचा हात लागलेला नाही, तरी तो दिवसभर बदलत राहतो. आपली घरं म्हणजे सपाट चौकोन. कितीही महागाची छटा लावा, भर दुपारी ती पांढुरकीच दिसते. कोरीव काम आता कोणाला परवडत नाही. पण भिंतीपुढे झाड असलं की त्याची हलती सावली त्याच सपाट भिंतीला खोली देते. माझं काम मी एवढंच मानते.

कात्रपच्या घरापुढे बकूळ ठरली. सावकाश वाढते, बारा महिने पानं धरते, दाट सावली देते आणि मुळांनी फारसा त्रास देत नाही. भिंतीपासून दहा फूट मोजून खूण केली. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल खड्डा. पहिल्या फुटाला मुरूम लागला आणि त्याखाली निघालं राबिट: फुटक्या लाद्या, गोठलेली सिमेंटची गोणी, सळईचा वाकडा तुकडा. 26 जुलै 2005 चं उल्हास नदीच्या पुराचं पाणी ज्यांनी पाहिलंय ते इथे जोतं आधी उंच करतात. भराव काय टाकला हे मात्र कोणी बघत नाही. ते सगळं उपसलं. खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू दिला. मग लाल माती, कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड. मृगाचे दोन पाऊस झाल्यावर रोप आणलं. पिशवी फाडली तर मुळांनी तळाशी वेटोळं घातलेलं. ते तसंच लावलं असतं तर झाड पुढे स्वतःच्याच मुळांनी आवळलं गेलं असतं. बोटांनी एकेक मूळ सोडवलं, न सुटणारी कात्रीनं कापली. त्या घरच्या सूनबाई शेजारी उकिडव्या बसून बघत होत्या. थोड्या वेळानं त्यांनीही मातीत हात घातला.

अंतर मोजण्याची ही सवय मला एका चुकीनं लावली. सुरुवातीच्या वर्षांत अंबरनाथला, ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका काकांकडे मी कुंपणापासून चार फुटांवर फायकस लावला होता. लवकर भरगच्च होतो म्हणून. सहाव्या वर्षी भिंतीला खालपासून वरपर्यंत तडा गेला. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी काढून ते झाड तोडावं लागलं. काका मला एक शब्द बोलले नाहीत. मी तोडणीच्या दिवशी मुद्दाम गेले आणि शेवटची फांदी पडेपर्यंत तिथे थांबले. चूक माझी आणि जीव झाडाचा गेला, हे अजून टोचतं.

उल्हासनगरचं गणित निराळं. 1947 नंतर सिंधी कुटुंबं इथल्या महायुद्धकाळातल्या लष्करी छावणीत येऊन राहिली आणि 8 ऑगस्ट 1949 ला तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. बराकीतल्या खोल्या वाढत्या कुटुंबांबरोबर पुढे सरकत गेल्या. आता उंबरठा आणि गटार यांच्यामध्ये कुठे तीन फूट उरतात, कुठे दोन. चार नंबरच्या कॅम्पातल्या एका अम्मांनी मला बोलावलं आणि दारातच म्हणाल्या, "बेटा, झाडाला जागा कुठंय इथं?" झाडाला नव्हती, वेलाला होती. पायरीलगतची एक लादी काढली, खाली हाताला माती लागली. दारावर लोखंडी पाइपाची चौकट उभी केली आणि रंगूनवेल चढवली, जिला सगळे मधुमालती म्हणतात. संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी होते, मग लाल. भिंतीचा फुगलेला प्लास्टिक पेंट खरवडून चुना दिला, कारण ओल धरणाऱ्या भिंतीला ती ओल बाहेर टाकायला वाट लागते. बाकी सगळं जसंच्या तसं. दुसऱ्या उन्हाळ्यात अम्मांचं स्टूल आतून बाहेर आलं.

बदलापुरात जांभूळ मागणारे पुष्कळ भेटतात. इथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमान वाटणारच. मीही आनंदानं लावते, पण फळ मातीत पडेल अशा कोपऱ्यात. फरशीवर पडलं तर पहिल्याच हंगामात त्याला शिव्या बसतात. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवणाऱ्यांशी मात्र मी भांडते. झाडाभोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवा, असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2013 सालीच दिल्लीला बजावलं होतं. आपल्याकडे आजही खोडाला सिमेंटचा गळफास बसतो आणि पुढे वादळात झाड पडलं की दोष झाडाला.

बकुळीला वेळ लागणार हे मी कात्रपला आधीच सांगितलं होतं. तोवर म्हणून तिच्या पश्चिमेला हादगा लावला. तो झपाट्यानं वाढतो, चार-पाच वर्षांत थकतो, तेवढ्यात बकूळ मोठी होते. शिवाय फुलांची भाजी होते. यंदाच्या मार्चमध्ये त्या बाजूला गेले होते. चार वाजले होते, सवयीनं पलीकडे उभी राहिले. बकूळ जेमतेम कमरेएवढी. भिंतीवर हादग्याची बारीक पानं हलत होती, आणि सिलिंडर पोचवायला आलेल्या माणसानं आपली गाडी त्या सावलीत लावून घाम पुसायला घेतला होता.