खाजगी म्हणजे नेमके कोणाचे?

२०२५ च्या नोव्हेंबरअखेर आमच्या वस्तीतली मावशी साडीच्या दुकानाची कापडी पिशवी घेऊन आमच्याकडे आली. तिचे सगळे आयुष्य त्या पिशवीत असते. रेशनकार्ड, जातीचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, वीजबिले. त्यात दोन नवे कागद होते. "लेकरा, दोन्हीत काय लिव्हलंय ते एकदाच सांग. दोनदा जीवाला घोर नको," ती म्हणाली.

पहिला कागद सरकारी होता. रमाई आवास योजनेच्या घरकुलासाठी मावशीचा अर्ज कधीपासून पडून आहे. तिच्या डोळ्यांदेखत गावातल्या पक्क्या घरवाल्यांना हप्ते मिळाले. म्हणून आम्ही तिच्या नावाने माहितीचा अर्ज टाकला होता. तीन वर्षांची मंजूर लाभार्थी यादी, प्राधान्यक्रम आणि वितरित हप्त्यांचा तपशील, एवढेच मागितले. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. उत्तर दोन ओळींचे आले: मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती असल्याने कलम ८(१)(ञ) नुसार देता येत नाही.

दुसरा कागद फायनान्स कंपनीचा. मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली होती, त्याने झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली. मुलाने तीनचाकी रिक्षा कर्जावर घेतली होती, मावशी सहकर्जदार. आजारपणात हप्ते थकले, वसुलीवाल्यांनी भर चौकातून गाडी ओढून नेली, परस्पर विकली आणि तरीही बाकी काढली. नोटीस म्हणत होती की करारातील अटीनुसार हा वाद लवादाकडे सोपवला आहे, लवादाचे नाव अमुक (ते कंपनीनेच ठरवलेले), सुनावणीचे ठिकाण आमच्यापासून रेल्वेने एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. आणि सदर कार्यवाही गोपनीय राहील.

दोन्ही कागद वाचून झाल्यावर मावशीला सांगायचे काय? सरकार म्हणते दुसऱ्याला काय मिळाले ते खाजगी आहे. कंपनी म्हणते तुझ्यावर काय झाले ते खाजगी आहे. यातली आपली बाजू कोणती, असे तिने विचारले. आम्ही चहा ठेवला.

आधी सरकारी कागदाबद्दल बोलू, कारण आपल्या बऱ्याच कार्यकर्त्यांना हा बदल अजून माहीतच नाही. माहिती अधिकार कायद्यातले जुने ८(१)(ञ) काय म्हणत होते? वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खाजगीपणावर विनाकारण घाला येत असेल, तर ती नाकारता येईल. पण व्यापक जनहित असेल तर द्यावी लागेल. आणि त्याखाली एक परंतुक होते: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही.

हे परंतुक पुन्हा एकदा वाचा. आमदाराला सभागृहात प्रश्न विचारून जे मिळते ते मावशीला दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर मिळायचे. दारिद्र्यरेषेखालचे कार्ड असेल तर फुकट. २००५ साली कायद्याने मावशीला आमदाराच्या बरोबरीला बसवले होते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक २०२३ च्या ७ ऑगस्टला लोकसभेत आणि ९ ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झाले. त्याच्या शेवटाकडे कलम ४४(३) होते. त्याने ८(१)(ञ) मधल्या सगळ्या कसोट्या काढल्या, परंतुक काढले, आणि उरले फक्त 'वैयक्तिक माहिती'. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे कलम लागू झाले. आमच्या कार्यालयातल्या बाबूंना, एरवी शासन निर्णय वर्षभर न वाचणाऱ्यांना, हा बदल मात्र आठवडाभरात पाठ झाला होता.

सरकारचे उत्तर असे की कलम ८(२) अजून शाबूत आहे, जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. खरे आहे. पण तिथला शब्द 'देऊ शकेल' असा आहे. देऊ शकणारा साहेब आणि जनहित सिद्ध करत बसणारी मावशी. अधिकार होता त्याची विनंती झाली.

एक गोष्ट आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. खाजगीपणा हा आपल्या लोकांसाठी चैनीचा विषय नाही. भाड्याचे घर शोधताना आडनाव लपवावे लागते ते आपल्याला. एचआयव्हीची औषधे घेणाऱ्या बाईचे नाव गावात फुटले तर काय होते ते आम्ही कामाच्या निमित्ताने पाहिले आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाला मूलभूत हक्क म्हटले तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. म्हणून कोणाचा आधार क्रमांक, बँक खाते, मोबाईल यादीत छापा, असे आम्ही म्हणत नाही. ते आकडे काळे करून बाकीचा कागद द्यायची सोय कलम १० मध्ये पहिल्यापासून आहे. उलट अनुदानाच्या योजनांतील लाभार्थ्यांचा तपशील अर्जाशिवाय, स्वतःहून जाहीर करा, असे कलम ४(१)(ख) सांगते. मग संरक्षण कोणाचे होते आहे? पक्क्या घरावर घरकुलाचा हप्ता उचलणाऱ्याचे, आणि त्याला तो मिळवून देणाऱ्याचे.

राजस्थानात १९९४ पासून मजूर किसान शक्ती संघटनेने ज्या जनसुनावण्या घेतल्या, त्यात काय होत होते? हजेरीपटावरची नावे मोठ्याने वाचली जात. मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली निघे. माहिती अधिकाराची चळवळ नावे वाचण्यातून उभी राहिली. आज ती नावे 'वैयक्तिक माहिती' ठरतात.

एम.ए. समाजशास्त्राला आम्ही 'सार्वजनिक क्षेत्र' या संकल्पनेवर मोठे उत्तर लिहिले होते. हाबरमास, युरोपातली कॉफीची दुकाने वगैरे. त्या उत्तरात चवदार तळे नव्हते, आणि शिकवणाऱ्यांनाही ते आठवले नव्हते. वास्तविक आपल्याकडे सार्वजनिक आणि खाजगी यांचा सगळ्यात मोठा खटला महाडलाच चालला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. ठराव कागदावर राहिला म्हणून १९२७ चा सत्याग्रह. आणि त्यावर सनातन्यांनी काय केले? ते दिवाणी कोर्टात गेले आणि म्हणाले, तळे सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तो पाळला, पाणी घेणे पुढे ढकलले, आणि दहा वर्षे खटला लढवला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ चा आहे. 'खाजगी' या शब्दाशी आपले जुने भांडण आहे, एवढेच सांगायचे.

आता दुसरा कागद. करार तीसेक पानांचा, इंग्रजीत. मुलाने सांगितले की शोरूममध्ये सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या, तो फुल्यांवर सह्या करत गेला. मावशीने दोन तासांत शिकलेली सही केली. त्यातल्या एका कलमात लिहिले होते की वाद झाल्यास कंपनी नेमेल तो एकमेव लवाद निर्णय देईल. याला कायदा 'पक्षकारांची संमती' म्हणतो! गरजेपोटी केलेल्या सौद्याला स्वातंत्र्य म्हणायचे का, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बेकारांच्या संदर्भात मांडला होता. कर्जदाराच्या बाबतीत तो तसाच्या तसा लागू पडतो.

लवाद ही मुळात वाईट गोष्ट नाही. दोन कंपन्या भांडल्या, दोघांकडे वकील आहेत, दोघांना लवकर निकाल हवा आहे, तर खुशाल लवाद नेमा. पण इथे एका बाजूला शेकडो कर्जदारांशी तोच करार करणारी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला पिशवी. १९९६ च्या लवाद कायद्यात २०१९ साली कलम ४२(क) घातले गेले आणि कार्यवाही गोपनीय झाली. म्हणजे शेजारच्या तालुक्यातल्या रिक्षावाल्याचे त्याच कंपनीने, त्याच लवादापुढे काय केले ते मावशीला कळणार नाही. शंभर माणसे एकाच खड्ड्यात पडतील आणि प्रत्येकाला वाटेल की आपलाच पाय घसरला. निवाडा मात्र न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो.

तरुण मित्रांनी इथे नीट लक्ष द्यावे, कारण अशा नोटिसा आता घरोघर येणार आहेत. ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ सालीच सांगितले आहे. अशा अपात्र लवादाला मान्यता द्यायची तर वाद सुरू झाल्यानंतर स्पष्ट लेखी संमती लागते. म्हणून नोटीस आल्यावर घाबरून कोणत्याही कागदावर सही करू नका. लेखी हरकत पाठवा, पोचपावती ठेवा. गप्प बसू नका, कारण एकदा निवाडा हातात पडला की तो रद्द करून घ्यायला तीनच महिने असतात, वर फार तर तीस दिवस. आणि करारात लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे १० डिसेंबर २०१८ च्या एमार एमजीएफ प्रकरणात ठरले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम १०० त्याच बाजूचे आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. रिक्षा धंद्याची म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असे कंपनीचा वकील म्हणेल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर माणूस ग्राहकच असतो, हे व्याख्येच्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे.

पण प्रत्येक मावशीला असा वाचून सांगणारा कुठून मिळणार? म्हणून हा प्रश्न सभागृहाचा आहे. आपल्या विधानसभेत २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. त्या २९ जणांकडून आमची अपेक्षा जयंतीच्या फ्लेक्सवर फोटो असण्याहून थोडी जास्त आहे.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाआधी आम्ही एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात गेलो. नाव लिहीत नाही. स्वीय सहायक म्हणाले, "तारांकित प्रश्न फार आधी द्यावे लागतात, आता वेळ गेली. आणि दादा, हा दिल्लीचा विषय आहे."

विषय दिल्लीचा नाही. तामिळनाडू आणि गोव्याने १९९७ सालीच माहितीचे कायदे केले होते. महाराष्ट्राने २००० साली एक लेचापेचा कायदा केला, तो पुरेना म्हणून २००२ साली नवा आणला. अण्णा हजारे यांच्याशी आमचे बऱ्याच मुद्द्यांवर जमत नाही, पण तो कायदा त्यांच्या आंदोलनाच्या रेट्याने आला हे नाकारण्यात अर्थ नाही. दिल्लीचा कायदा त्यानंतरचा. आजही कलम ४ खाली घरकुलाच्या याद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, असा शासन निर्णय मुंबईत निघू शकतो. लवाद आणि करार हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत, राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला दुरुस्ती करता येते. करारातली अन्याय्य अट रद्द करण्याचा अधिकार आज राज्य आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. हे तरी सभागृहात कोणी विचारले का? राज्याचा सावकारी कायदा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या फायनान्स कंपन्यांना लागू होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणात म्हटले, तेव्हा आता राज्याने करायचे काय, यावर बोलायला हवे होते. शेजारच्या कर्नाटकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये लहान कर्जांच्या जबरी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. राज्यपालांनी आधी परत पाठवला, मग सही केली. त्यातही रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्या बाहेरच राहिल्या, हा त्याचा मोठा दोष. निदान वाद तरी झाला.

आम्हाला राहून राहून वाटते ते असे. परंतुक काढल्यामुळे मावशीला आता तीच यादी हवी असेल तर आमदाराच्या दारात जावे लागेल, त्याने प्रश्न विचारला तर विचारला. जोहार मायबाप करत वाड्यावर जाण्याची सवय मोडायला आपल्याला किती काळ लागला?

पहिले अपील त्याच कार्यालयात वरच्या साहेबांकडे केले. त्यांनीही तेच कलम लिहून ते फेटाळले, पण ८(२) चा विचार केला की नाही याबद्दल आदेशात एक शब्द नाही. तो मुद्दा धरून राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील गेले आहे. लवादाला हरकतीचे पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवले. जिल्हा आयोगात तक्रार दाखल झाली, आणि अपेक्षेप्रमाणे कंपनीने लवादाच्या अटीवर बोट ठेवून तक्रार काढून टाकण्याचा अर्ज दिला आहे. त्यावर युक्तिवाद बाकी आहे. तारखेची चिठ्ठी मावशीच्या पिशवीत आहे.

तुमच्या तालुक्यात नव्या ८(१)(ञ) खाली नकार आले असतील तर ती उत्तरे जपून ठेवा, तारीख आणि जावक क्रमांकासह. आम्ही ती गोळा करतो आहोत. पुढच्या अधिवेशनाचे तारांकित प्रश्न यावेळी वेळेत द्यायचे आहेत.