आधी विचारायचे, मग वेळ बदलायची

एसटीच्या वेळेत बदल होणार असला, की आमच्या गावाला त्याची खबर आधीच लागायची. ती आणायचे मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर. रात्री गाडी मारुतीच्या देवळापाशी लागायची, कुणाच्या तरी घरून दोघांचं जेवण यायचं आणि मग पारावर बैठक जमायची. वेबिलाचा हिशेब जुळवता जुळवता कंडक्टर विचारायचे, "संध्याकाळची पाचची फेरी साडेपाचला न्यायचं चाललंय डेपोत. तुमचं काय म्हणणं?"

मग बोलणं रंगायचं. गुरुजी म्हणायचे, "शाळा पाचला सुटते, पलीकडच्या वाडीची पोरं धापा टाकत येतात. साडेपाच झाली तर बरंच होईल." लगेच कुणीतरी म्हणायचं, "मास्तर, तेवढा उशीर केलात तर तालुक्याला पुढची गाडी चुकते. दवाखान्यात गेलेल्या माणसानं काय करायचं?" अशी ओढाताण होऊन शेवटी सव्वापाचवर एकमत व्हायचं.

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायचा. अक्षर बरं म्हणून ते काम माझ्याकडे यायचं. 'मा. आगार व्यवस्थापक साहेब यांसी', खाली 'विषय : सायंकाळची फेरी सव्वापाच वाजता सोडणेबाबत', मग कारणं आणि सह्या. सही न येणाऱ्यांचे निळ्या शाईतले अंगठे. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव. सरपंच स्वतः तालुक्याला जाऊन अर्ज देत आणि पोच घेऊन येत. काही आठवड्यांनी उत्तर यायचं, की फेरी प्रायोगिक तत्त्वावर सोडत आहोत. प्रत्येक मागणी मान्य व्हायची असं नाही. पण नकार आला तरी त्यामागचं कारण कळायचं. गाडी कमी आहे, ड्रायव्हर नाही, पुढच्या गावाची अडचण होते, असं काहीतरी.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे 'गाव तिथे एसटी' हे ब्रीद झालं. गावोगावी गाडी न्यायची तर गावाशी बोलणं आलंच. कायद्यातही त्याला जागा आहे. मार्ग परिवहन महामंडळांच्या १९५०च्या कायद्यात सल्लागार परिषदा नेमायची तरतूद आहे. आमच्यापर्यंत ती परिषद कधी आली नाही. आमची परिषद पारावरच भरली.

त्या पाराची उणीवही सांगितली पाहिजे. तिथे बसत ते पुरुष. भाजीची पाटी घेऊन बाजाराला जाणाऱ्या, लेकराला घेऊन दवाखाना गाठणाऱ्या बायकांना त्या बैठकीत कुणी विचारलं नाही. त्यांची अडचण पोचली तर घरच्या माणसाच्या तोंडून, तीही अर्धीमुर्धी.

आज तक्रार करायच्या वाटा वाढल्या आहेत. हेल्पलाइन आहे, मोबाइलवरून लिहिता येतं. जुलै २०२४ पासून महामंडळाने 'प्रवासी राजा दिन' सुरू केला. सोमवारी आणि शुक्रवारी विभाग नियंत्रकांनी एकेका आगारात बसून प्रवाशांचं ऐकून घ्यायचं, अशी ती योजना. साहेबानेच आपल्याजवळच्या आगारात यावं, ही गोष्ट मला मनापासून आवडली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून गाडीत बायकांची गर्दी दिसते. पारावर ज्यांना जागा नव्हती, त्या आज एसटीच्या हक्काच्या प्रवासी आहेत.

पण यातलं बहुतेक बोलणं फेरी बदलल्यानंतरचं आहे. बदलण्याआधीचा प्रश्न मागे पडला. आता फेरीचं भवितव्य भारमानावर, म्हणजे गाडी किती भरते यावर ठरतं. कंडक्टरच्या हातातलं मशीन कुठल्या थांब्यावर किती तिकिटं फाटली ते नेमकं सांगतं, आणि तोट्यातल्या महामंडळाला तो हिशेब पाहावाच लागतो, हे मला मान्य आहे. मात्र मशीनला गाडीत बसलेला माणूसच दिसतो. वेळ जुळत नाही म्हणून वडापच्या जीपला लटकून गेलेला, किंवा शेवटची गाडी तास सुटण्याआधीच जाते म्हणून कॉलेज सोडलेली मुलगी त्या आकड्यांत येत नाही. वेळ गैरसोयीची म्हणून माणसं कमी, माणसं कमी म्हणून भारमान कमी, आणि भारमान कमी म्हणून फेरी बंद. हे चक्र तोडायचं तर न बसलेल्या माणसाला गाठून विचारावं लागतं. पारावरच्या त्या बैठकीत नेमकं तेच व्हायचं.

मुक्कामी गाडी आणि पार जसेच्या तसे परत आणा, असा माझा आग्रह नाही. फेरी बदलायची किंवा बंद करायची तर महिनाभर आधी तसा फलक त्याच गाडीत आणि थांब्यावर लावावा. तो विषय ग्रामसभेत यावा आणि महिला ग्रामसभेतही. शाळा-कॉलेजच्या मुख्याध्यापकांना, प्राचार्यांना पत्र जावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं कंडक्टरने वहीत टिपून घ्यावं. निर्णय झाला की त्याचं कारण त्याच फलकावर लिहावं. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही. गावाने विचारून मिळवलेली फेरी गाव आपली मानतं, तिच्यासाठी थांबतं आणि तिचं भारमानही राखतं.