आम्ही काळे

माझं आडनाव काळे आणि हिचं माहेरचं गोरे. १९७५ साली आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या विनोदी नातेवाइकांनी एवढ्या एका भांडवलावर साखरपुड्यापासून सत्यनारायणापर्यंत धंदा केला. त्यात मी आडनावाला जागणारा. लहानपणी आईनं मला दुधाची साय आणि हळद चोळचोळ चोळली; साय वाया गेली, एवढंच. लग्नाच्या वेळी मध्यस्थांनी गोऱ्यांकडे जी शिफारस केली ती अशी होती : "मुलगा रंगानं काळा आहे, पण बँकेत आहे." त्या 'पण'वर माझा संसार उभा आहे.

हे आडनाव मला पुढे चव्वेचाळीस वर्षांनी अमेरिकेत उपयोगी पडेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला कर्ज दिलं नसतं. (मी बँकेत कर्ज विभागात होतो. माणसावर विश्वास ठेवायचा झाला तरी आधी दोन जामीन मागायची सवय अजून जात नाही.)

२०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं मुलाकडे अटलांटाला गेलो. सहा महिन्यांचा मुक्काम. तिथल्या मराठी मंडळींनी पहिल्याच रविवारी आम्हाला जेवायला बोलावून श्रीखंडाबरोबर सूचनाही वाढल्या. संध्याकाळी एकटे फिरू नका. अमुक रस्त्याच्या पलीकडे जाऊ नका. आणि मग आवाज खाली आणून, "तुमच्या गल्लीत 'ते' लोक बरेच आहेत हं." हे सांगणारे गृहस्थ रंगानं माझ्यापेक्षा दोन हात पुढे होते. मी मान डोलावली. पुण्यात आम्ही सदाशिव पेठेत राहतो. कोणत्या रस्त्याच्या पलीकडे कोण राहतं आणि आपण कुठवर जावं, हे आम्हाला नव्यानं शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचऱ्याचा डबा ओढत बाहेर नेत होतो. शेजारच्या अंगणातून आवाज आला, "मॉर्निंग, बेबी!"

मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. पुढं एक सत्तरी ओलांडलेल्या, पांढऱ्या केसांच्या, भरदार काळ्या बाई हसत उभ्या होत्या. आमच्या घराण्यात बेबी म्हणजे माझी आत्या. वय चौऱ्याऐंशी, दात नाहीत. त्यामुळे स्वतःला उद्देशून ही हाक मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. घरात येऊन हिला सांगितलं, तर पोह्यांवरचा झारा हवेतच थांबला. "अहो, पण तुम्ही काय म्हणालात?" मी 'गुड मॉर्निंग, मॅडम' म्हणालो होतो, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. मुलानं सांगितलं की दक्षिणेकडच्या काळ्या आज्या पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांनाच बेबी म्हणतात. चार दिवसांनी त्यांनी हिलाही बेबी म्हटलं आणि प्रकरण मिटलं.

बाई निवृत्त शिक्षिका निघाल्या. मग हिनं त्यांना सरळ 'बाई'च म्हणायला सुरुवात केली. आमच्या आडनावाचा अर्थ त्यांनी एकदा सहज विचारला. मी सांगितला. हिच्या माहेरच्या आडनावाचाही सांगितला. बाई दोन्ही हातांनी कुंपण धरून इतक्या हसल्या की मला कुंपणाची काळजी वाटली. "म्हणजे मिसेस व्हाइट लग्न करून मिसेस ब्लॅक झाली? आणि तुझ्या बापानं होऊ दिलं?" हिनं तिच्या इंग्रजीत सांगितलं, "ही वॉज इन बँक."

त्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. बर्फ घातलेला गार चहा दिला. (चहाची ही विटंबना मी पुढे सहा महिने सोसली.) स्वयंपाकघरात फ्रिजवर शिक्षकी अक्षरात एक कागद चिकटवला होता : घरच्या दूरदर्शनवरच्या मासिक वर्गण्या, रक्कम, वसुलीची तारीख. बँकेतला माणूस खातेवही दिसली की वाचतोच. पहिल्या ओळीत वीज असेल, दुसरीत पाणी असेल अशा समजुतीनं मी वाचत गेलो आणि तिसऱ्या ओळीवर गार चहा घशात अडकला. तिथं लिहिलं होतं : ब्राउन शुगर.

ज्यांनी ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याची वर्तमानपत्रं वाचली आहेत त्यांना ब्राउन शुगर म्हणजे काय ते सांगायला नको. रोज कुठे ना कुठे जप्त व्हायची. घरी येऊन दार लावून मी हिला म्हटलं, "त्या बाई गर्द घेतात. मासिक हप्त्यानं! आणि तारखेसकट फ्रिजवर लावून ठेवतात!"

"मला वाटलंच," ही म्हणाली. "त्याशिवाय या वयात एवढा उत्साह असतो का?"

मुलगा ऑफिसातून आला तेव्हा आम्ही घर बदलण्याच्या निष्कर्षापर्यंत आलो होतो. तो आधी हसला, मग त्यानं समजावलं. ब्राउन शुगर हे एका वाहिनीचं नाव आहे, इंटरनेटवरून सिनेमे दाखवणाऱ्या. अटलांटातच २०११ साली बाउन्स नावाचं काळ्या प्रेक्षकांसाठीचं टीव्ही चॅनल निघालं. काढणाऱ्यांत मार्टिन ल्यूथर किंगांचा मुलगाही होता. त्यांनीच २०१६ साली हे सुरू केलं. सत्तरच्या दशकातले काळ्या नायक-नायिकांचे मारधाडीचे सिनेमे तिथं मिळतात. पॅम ग्रिअर नावाची नटी त्यांत गुंडांना लोळवते. "आणि बाबा, बाईंच्या यादीत तशा आणखी दोनतीन वाहिन्या असतील. सगळ्या त्यांच्या लोकांसाठीच्या."

"वेगळ्या कशाला पण?" मी विचारलं. "एवढं नेटफ्लिक्स आहे की!"

हा प्रश्न मी पुढे बाईंनाही विचारला. शिक्षिकेला प्रश्न विचारू नये. त्यानंतर आमचे दर मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी सात ते नऊ वर्ग भरू लागले.

बाई अलाबामाच्या. १९५६ साली त्या अकरा वर्षांच्या होत्या तेव्हा नॅट किंग कोल या काळ्या गायकाचा स्वतःचा कार्यक्रम राष्ट्रीय टीव्हीवर सुरू झाला. शेजारचे सगळे त्यांच्या घरी जमत. गायक मोठा, आवाज मधाचा, पाहुणे नामांकित. पण देशभरातून एकही कायमचा जाहिरातदार मिळेना. काळ्या माणसाच्या कार्यक्रमाला आपला साबण लावायचा कोणी? १९५७ च्या डिसेंबरात कार्यक्रम बंद. पुढे अशी अवस्था की 'जेट' नावाचं हातात मावेल एवढं साप्ताहिक काळ्यांच्या घरोघर यायचं, त्यात एक यादी असायची : या आठवड्यात टीव्हीवर आपलं कोण, कुठल्या दिवशी, कुठल्या कार्यक्रमात दिसणार. अख्ख्या देशाच्या अख्ख्या आठवड्याची यादी, आणि ती एका छोट्या रकान्यात मावायची! बाईंची आई ती कात्रीनं कापून टीव्हीला चिकटवायची. कोणी अचानक दिसलं तर आत्याबाई फोन करायच्या, "लाव लाव, आपला माणूस लागलाय!" धावत येऊन बसेपर्यंत तो माणूस ट्रे ठेवून पडद्याबाहेर गेलेला असायचा.

"म्हणून वेगळं, बेबी," बाई म्हणाल्या. "इथं मला यादी लागत नाही."

मग रॉबर्ट जॉन्सन या गृहस्थांची कथा आली आणि मी खुर्चीत सरसावून बसलो, कारण तीत कर्ज होतं. या माणसानं बँकेचं पंधरा हजार डॉलर कर्ज आणि एका केबल कंपनीच्या मालकाचे पाच लाख डॉलर यांवर २५ जानेवारी १९८० ला 'ब्लॅक एंटरटेन्मेंट टेलिव्हिजन', म्हणजे बीईटी सुरू केलं. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, शुक्रवारी रात्री, दोन तास. मी प्रामाणिकपणे सांगतो, तो अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी 'आठवड्याला दोनच तास दुकान उघडं, तारण काही नाही' असा शेरा मारून परत पाठवला असता. २००० साली त्याच जॉन्सननं ते दुकान वायकॉम कंपनीला सुमारे तीन अब्ज डॉलरला विकायचा करार केला. तो आकडा ऐकून मी दोन मिनिटं माझ्या शेऱ्याच्या स्मृतीला श्रद्धांजली वाहिली. बाईंना मात्र ती विक्री अजून झोंबत होती. "माणसं आमची, नाव आमचं, आणि चावी त्यांची." तेच जॉन्सन २०१४ साली इंटरनेटवर 'अर्बन मूव्ही चॅनल' घेऊन परत आले, तेही २०१८ साली मोठ्या कंपनीकडे गेलं. (२०२१ मध्ये त्याचं नाव 'ऑलब्लॅक' झालं, हे मला बाईंनी फोनवर कळवलं, बारशाचं आमंत्रण असावं अशा सुरात.)

या सगळ्याचा मूळपुरुष म्हणजे ऑस्कर मिशो. आधी कादंबऱ्या लिहून दारोदार विकणारा हा शेतकरी. १९१९ साली त्यानं स्वतःच्याच कादंबरीवर सिनेमा काढला. पुढे रिळं घेऊन गावोगाव हिंडायचा. गोऱ्यांच्या थिएटरात काळ्यांना बसायला परवानगी मध्यरात्रीच्या खेळाला, तर मध्यरात्री खेळ! मी म्हटलं, आमचे दादासाहेब फाळके त्याच्या सहा वर्षं आधी निघाले होते, आणि त्यांना तर बाईची भूमिका करायला बाई मिळेना, हॉटेलातल्या पोरग्याला साडी नेसवली. बाईंनी टाळी दिली. "मग तुला मडिया कळेल!"

मडिया म्हणजे सहा फूट पाच इंच उंचीची आजी. आत टायलर पेरी नावाचा पुरुष असतो. तोंडाळ, पर्समध्ये पिस्तूल बाळगणारी, नातवंडांच्या नवऱ्यांना सरळ करणारी. पेरीनं १९९२ मध्ये याच अटलांटात पहिलं नाटक लावलं तेव्हा जेमतेम तीस माणसं आली. तो गाडीत झोपून दिवस काढायचा. मग काळ्या वस्त्यांतल्या जुन्या थिएटरांतून वर्षानुवर्षं दौरे. या दौऱ्यांच्या मार्गाला तिकडे 'चिटलिन सर्किट' म्हणतात. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी. मालकानं टाकून द्यायची आणि गुलामांनी शिजवून खायची वस्तू. हिनं पदर तोंडाला लावला. बाईंना ते दिसलं, पण त्या काही बोलल्या नाहीत.

पेरीच्या सिनेमांना नाकं मुरडणारे त्यांच्यातही आहेत. स्पाइक लींनी २००९ साली जाहीर टीका केली की ही आपल्याच माणसांची विडंबनं आहेत. मी बाईंना विचारलं, तुमचं काय मत? "स्पाइक बरोबर आहे," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "मागं घे, ते परत बघू." दादा कोंडक्यांचे सिनेमे मफलर गुंडाळून पाहिलेला माणूस मी, यावर काय बोलणार?

सप्टेंबरात पेरी आणि बीईटी यांनी मिळून 'बीईटी प्लस' काढलं, महिना दहा डॉलरला एक सेंट कमी. ऑक्टोबरात पेरीनं आपला स्टुडिओ थाटात उघडला : ३३० एकर, जुन्या लष्करी तळाची जागा, चित्रीकरणाची बारा दालनं, प्रत्येकाला काळ्या कलावंताचं नाव. ज्या गावात गाडीत झोपला त्याच गावात. मुलानं आम्हाला गाडीतून बाहेरूनच भिंत दाखवली. हिनं हात जोडले. मोठी जागा दिसली की ती जोडतेच.

मधल्या काळात मी एका वाहिनीची 'सात दिवस मोफत' वर्गणी मुलाच्या टीव्हीवर परस्पर घेतली आणि आठव्या दिवशी विसरलो. कर्ज विभागात आयुष्य काढलेल्या माणसानं मुदत विसरावी! शिवाय मुलाचा टीव्ही त्याला रोज विचारू लागला, 'तुम्हाला मडिया आवडली, हेही आवडेल.' "बाबा, हा टीव्ही मला ओळखेनासा झालाय," तो म्हणाला.

निघायच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "सहा महिने तू माझं पाहिलंस. आता तुझं दाखव. तुझ्यासारखी दिसणारी माणसं असतील असं काहीतरी."

वाटतं तितकं सोपं नव्हतं. आमच्या मालिकांतली माणसं मी डोळ्यांपुढे आणली. सासू गोरी, सून गोरी, घरगडी तेवढा माझ्या रंगाचा. शेवटी मुलानं नागराज मंजुळेंचा 'फँड्री' शोधला. २०१४ साली मी तो पुण्यात पाहिला होता. गावातला जब्या, शाळकरी, काळा. घरच्यांवर डुकरं पकडायची पाळी. शाळेच्या भिंतीआडून त्याची लाज बघत हसणारी पोरं. त्या प्रसंगाला आमच्या थिएटरात मागच्या रांगा हसल्या होत्या. मागच्या रांगेत मी होतो.

बाईंच्या घरी कोणी हसलं नाही. खालची इंग्रजी अक्षरं वाचायला त्या चष्मा लावून पुढे सरकून बसल्या होत्या. शेवटी जब्या दगड उचलतो आणि सरळ पडद्याबाहेर भिरकावतो; बाईंनी चक्क मान बाजूला केली. पडदा काळा झाला.

बराच वेळ कोणी दिवा लावला नाही. मग बाईंनी विचारलं, "त्यानं मारला कुणाला?"

मी चष्मा पुसायला घेतला. इंग्रजी शब्द जुळवत होतो, की त्याचं असं आहे, आमच्याकडे पूर्वीपासून एक व्यवस्था... तेवढ्यात सहा महिन्यांत 'येस', 'नो' आणि 'इन बँक' यापलीकडे न गेलेली आमची ही म्हणाली,

"अस."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, दिवा लावला.

"मिसेस ब्लॅक," त्या म्हणाल्या, "तुझा तो गरम चहा कर, बेबी. आलं घालून. मी जागा दाखवते."

दोघी आत गेल्या. मी टीव्हीचं बटण शोधत बसलो.