तीन पेडांचा दोर

सातपाटीच्या एक मावशी मुलीच्या हळदीआधी माझ्या बोईसरच्या दवाखान्यात आल्या होत्या. आयुष्य वलांडीवर बोंबील वाळत घालण्यात गेलेलं; गालांवर उन्हाने नांगर फिरवल्यासारख्या रेषा. मोबाइलवरची जाहिरात पुढे करून म्हणाल्या, "डॉक्टर, हे ग्रोथ फॅक्टरवालं सीरम मला लिहून दे."

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. कोयत्याने बोट कापलं की रक्तातल्या प्लेटलेट गाठ धरतात आणि पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा ही प्रथिनं सोडतात. हाक ऐकून फायब्रोब्लास्ट पेशी जखमेत येतात आणि कोलॅजेन विणू लागतात. आधी घाईचं, बारीक. मग कित्येक महिने ते बदलून जाड, भक्कम. इतकं करूनही व्रणाला मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्केच ताकद येते.

असाच आणखी एक ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ, स्टॅन्ली कोहेन यांना उंदरांवरच्या प्रयोगांत सापडला. लाळग्रंथींचा अर्क टोचलेल्या पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडले! १९८६ साली त्यांना आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना नोबेल मिळालं. पण या ईजीएफचं वजन सुमारे ६००० डाल्टन, आणि धड त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचेच रेणू सहज आत जातात. गालावर चोळलेला निरोप बहुतेक उंबऱ्यावरच राहतो.

जखम उघडी असेल तर गोष्ट निराळी. तारापूर एमआयडीसीत दिवसभर गमबूट घालून उभे राहणारे, साखरेचा आजार असलेले कामगार माझ्याकडे येतात. पायाला फोड आलेला त्यांना कळतच नाही. मोजा ओला झाला की कळतं. अशाच जखमांसाठी अमेरिकेत १९९७ साली पीडीजीएफच्या जेलला मान्यता मिळाली. आम्ही कधी रुग्णाचंच रक्त फिरवून, प्लेटलेट वेगळ्या काढून जखमेवर लावतो. काहींची जखम भरते. मात्र साखर आटोक्यात नसेल आणि पायावरचा भार काढला नसेल, तर तीही मेहनत पाण्यात जाते. निरोप जास्त झाला तरी चालत नाही: टीजीएफ-बीटाचा जोर सरला नाही की छातीवर, खांद्यावर केलॉइडच्या गाठी वाढतात.

मावशींना मी दोराचं उदाहरण दिलं. कोलॅजेन हा तीन पेडांचा दोर. पीळ घट्ट बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते फारच कमी पडलं तर जुने व्रणसुद्धा उकलतात. उन्हाने त्वचेत दोर कापणारी विकरं वाढतात. आणि फायब्रोब्लास्ट त्याच दोराला ताणून धरून काम करतात. तो तुटला की या पेशी सैल पडतात, नवं विणणं मंदावतं. मग कितीही निरोप धाडा.

"उन्हात टाकलेला दोर कुजतोच की," मावशी म्हणाल्या.

मी सीरम लिहिलं नाही. सकाळी आणि दुपारी सनस्क्रीन, रात्री वाटाण्याएवढं ट्रेटिनॉइन, जेवणात आवळा किंवा पेरू. ट्रेटिनॉइन कोलॅजेनची वीण वाढवतं, पण महिने घेतं. हळदीपर्यंत फरक दिसणार नाही, हेही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

चार महिन्यांनी परत आल्या. रेषा होत्याच, खरखर कमी झाली होती. आता वलांडीवर धाकटी सून बसते. तिच्यासाठी सनस्क्रीनची ट्यूब हवी होती.